जुन्या गोव्यातलं बॉम जेझूस चर्च आणि ख्रिस्ती कला संग्रहालय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं घर फोंड्याकडे. कुलदैवताच्या दर्शनाला मुंबई-पुण्याहून नातेवाईक येतात, मंगेशी-शांतादुर्गा-म्हाळसा झाली की दुसऱ्या दिवशी विचारतात, ‘जुन्या गोव्याला जाऊन येऊ का? तिथे नेमकं काय बघायचं?’ इतकी वर्षं तेच तेच प्रश्न ऐकले आणि त्यांची उत्तरं देता देता मीही त्या वास्तूंत गुंतत गेले. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढलं.

जुन्या गोव्यात चर्च पुष्कळ आहेत. तुम्ही कोणत्या चर्चबद्दल सांगताय?

बॅसिलिका ऑफ बॉम जेझूस. बॉम जेझूस म्हणजे ‘भला येशू’, बाळ येशू. याच चर्चमध्ये सेंट फ्रान्सिस झेवियर यांचं शव आहे. पायाभरणी २४ नोव्हेंबर १५९४ला झाली, आर्चबिशप आलेक्सो द मेनेझिस यांच्या हस्ते १५ मे १६०५ला ते उपासनेसाठी खुलं झालं आणि १९४६मध्ये त्याला बॅसिलिकेचा मान मिळाला. जेझुइट, म्हणजे ‘येशूसंघ’ या कॅथलिक धर्मसंघाच्या पाद्रींनी बांधलेलं हे चर्च १९८६ सालापासून गोव्यातल्या इतर चर्च आणि मठांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

आणि हे वस्तुसंग्रहालयासारखं बंद पडलेलं चर्च नाही. इथे रोज मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची सामूहिक उपासना होते, लोक गुडघे टेकून प्रार्थना करतात. आत पाऊल ठेवताना एवढं ध्यानात असलं की बाकीचे निम्मे प्रश्न पडतच नाहीत.

‘बरोक’ म्हणजे काय? आम्हाला कलेतलं काही कळत नाही.

कळायला पाहिजे असं काही नाही. हा शब्द मूळ पोर्तुगीज आहे असं मानतात. ‘बारोको’ म्हणजे बेढब, वेडावाकडा मोती. सोळाव्या शतकात युरोपात प्रॉटेस्टंट पंथ निघाला. त्यांनी चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रांवर टीका केली. कॅथलिकांनी उलट ठरवलं की मूर्ती हव्यातच, आणि अशा हव्यात की लिहिता-वाचता न येणाऱ्याच्याही काळजाला त्या भिडाव्यात. त्यातून ही शैली वाढली. पीळ दिलेले खांब, ढगांतून डोकावणारे देवदूत, वाऱ्याने फडफडल्यासारखी वस्त्रं, जागोजाग सोनं, आणि नजर खालून वर खेचत नेणारी रचना. 

देवळातला दीपमाळांचा उजेड, चांदीची प्रभावळ आणि आरतीचा गजर आठवा. माणसाला डोळ्यांवाटे आणि कानांवाटे भक्तीत ओढायचं, ही रीत आपल्याला परकी नाही. म्हणूनच आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका, ज्यांनी ‘बरोक’ हा शब्द जन्मात ऐकलेला नाही, त्या मुख्य वेदीसमोर आपोआप हात जोडतात.

जाणकार मंडळी सांगतील की दर्शनी भिंत पूर्ण बरोक नाही, तिच्यात आधीच्या रेनेसाँस शैलीची शिस्त आहे. खरं आहे. भिंत शिस्तीची, आतली वेदी भरभरून बरोक. हा फरक बाहेरून आत जाताना तुम्हाला स्वतःलाच जाणवेल.

बाहेरून चर्च लाल आणि उघडं का? रंग द्यायचा राहिला आहे का?

नाही. गोव्यातली चर्च पांढरी असतात आणि हेही पूर्वी चुन्याच्या गिलाव्याने झाकलेलं होतं. १९५०च्या सुमारास बाल्ताझार कास्त्रो नावाच्या पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञांनी तो गिलावा काढायला लावला, वास्तू ‘जुनी’ दिसावी म्हणून. आतला जांभा दगड उघडा पडला आणि आज हाच लाल रंग या चर्चची ओळख झाला आहे.

कोकणातल्या माणसाला जांभ्याचा स्वभाव माहीत असतो. खाणीतून काढताना मऊ, उन्हात कडक होतो, पण पाणी पितो. आपण जांभ्याच्या घराला गिलावा करतो तो हौस म्हणून नव्हे. इथे सत्तर-पंचाहत्तर पावसाळे ही भिंत उघड्या अंगाने झेलते आहे. जवळ जाऊन पाहिलंत तर दगडाला पडलेली छिद्रं आणि झिजलेल्या कडा दिसतील. गिलावा परत करावा की नाही यावर वाद आहे. फोटोत लाल भिंत छान दिसते हे खरं, पण माझं मत विचाराल तर करावा. भिंत टिकली तर आतलं सगळं टिकेल.

दर्शनी भागातले काळे-करडे कोरीव दगड मात्र जांभ्याचे नाहीत. तो बेसॉल्ट आहे, आपला काळा पाषाण, आणि तो वसईहून समुद्रमार्गे आणलेला आहे. वसई तेव्हा पोर्तुगीजांकडे होती. चिमाजी अप्पांनी ती जिंकली १७३९मध्ये, म्हणजे हे चर्च उभं राहिल्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी. वर मान करून पाहा, दगडात ‘आय-एच-एस’ ही अक्षरं कोरलेली दिसतील. ग्रीक लिपीतल्या येशूच्या नावाची ती पहिली अक्षरं आणि जेझुइटांची खूण.

आत गेल्यावर आधी काय पाहायचं? सगळे थेट उजवीकडे शवपेटीकडे धावतात.

धावू नका. आधी मधल्या वाटेने दोन-चार रांगा पुढे जाऊन बाकावर बसा. पाच मिनिटं नुसतं समोर पाहा.

आतल्या दालनाला बाजूचे खांब नाहीत, त्यामुळे नजर थेट वेदीपर्यंत जाते. पांढऱ्या भिंती, आणि शेवटी सोन्याची एक भिंतच उभी असल्यासारखी वेदी. खाली बाळ येशू, लहानसा. त्याच्या वर जेझुइट संघाचे संस्थापक सेंट इग्नेशियस लोयोला, सुमारे तीन मीटर उंच. त्यांची नजर वर, किरण फुटलेल्या एका चकतीकडे लागली आहे. तिच्यावर पुन्हा तीच तीन अक्षरं. त्याहून वर पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. म्हणजे छोट्या बाळापासून सुरू झालेली नजर टप्प्याटप्प्याने वर चढते, आणि ती चढावी म्हणूनच हे सगळं रचलं आहे. मघाशी बरोकबद्दल लिहिलं ते हेच.

मग जवळ जा. सोनेरी दिसतं ते भरीव सोनं नाही. लाकूड कोरायचं, त्यावर खडू आणि सरस यांचे थर द्यायचे, वर तांबड्या मातीचा हात, आणि त्यावर सोन्याचा वर्ख चढवून घोटायचा. जिथे वर्ख झिजतो तिथे खालची तांबडी माती डोकावते. जुन्या वेद्या पाहताना मी ती तांबडी जागा शोधते. तिथे कारागिराचा हात दिसतो.

प्रवचनाचा कोरीव लाकडी मंचही चुकवू नका. त्याच्या तळाशी सात आकृत्या आहेत, सगळा भार त्यांनीच पेलला आहे असं वाटतं. त्याच्या समोरच्या भिंतीत कोचीचे कप्तान जेरोनिमो मास्कारेन्यस यांचं स्मारक आहे. त्यांनी मागे ठेवलेल्या पैशांतून हे चर्च उभं राहिलं.

सेंट फ्रान्सिस झेवियर कोण? आणि शव खरंच दिसतं का?

जन्म १५०६, स्पेनच्या उत्तरेकडच्या नावारा प्रांतातला. इग्नेशियस लोयोलांच्या पहिल्या सोबत्यांपैकी एक. ६ मे १५४२ला गोव्यात उतरले. पुढची दहा वर्षं तमिळ किनारा, मलाक्का, मोलुक्का बेटं, जपान अशी भटकंती केली आणि चीनच्या दारात, सांचियान बेटावर ३ डिसेंबर १५५२ला वारले. शव आधी मलाक्काला आणि मग मार्च १५५४मध्ये गोव्याला आणलं. ते कुजलं नाही म्हणून लोटलेल्या गर्दीत एका बाईने पायाचं बोटच चावून नेलं असं सांगतात. उजव्या हाताचा कोपराखालचा भाग १६१४मध्ये रोमला पाठवला, तो तिथल्या जेझू चर्चमध्ये आहे. १६२२मध्ये त्यांना संतपद मिळालं.

गोव्यात त्यांना ‘गोंयचो सायब’ म्हणतात. फक्त ख्रिस्ती लोक नव्हेत. फेस्ताच्या, म्हणजे संताच्या वार्षिक सणाच्या रांगेत कुंकू लावलेल्या कितीतरी बायका मी पाहिल्या आहेत.

एरवी शव उंचावर चांदीच्या पेटीत असतं आणि खालून फारसं काही दिसत नाही. ‘दिसलं नाही’ म्हणून निराश होणारे पाहुणे मी पाहिले आहेत, म्हणून आधीच सांगते. दर दहा वर्षांनी शव खाली उतरवून समारंभाने जवळच्या से कॅथेड्रलमध्ये नेतात आणि तिथे सहा आठवडे सगळ्यांना दर्शन घेता येतं. मागचं दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असं झालं. याच हिशेबाने पुढचं २०३४ साली.

पेटी आणि ती संगमरवरी कबर कोणी घडवली?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन वेगळ्या जगांतून आल्या आहेत.

खालचा संगमरवर आणि रंगीत दगडांचा चौथरा इटलीतला. टस्कनीचे ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरे यांनी तो भेट दिला, त्याबदल्यात त्यांना संताच्या डोक्याखालची उशी मिळाली होती. फ्लॉरेन्सचे शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी यांनी दहा वर्षं खपून तो घडवला. तुकडे जहाजाने गोव्याला आले, जोडणीसाठी प्लाचिदो राम्पोनी नावाचा कारागीर सोबत आला आणि १६९८मध्ये काम पुरं झालं. चारी बाजूंना ब्राँझचे फलक आहेत, त्यांत संताच्या आयुष्यातले प्रसंग.

वरची चांदीची पेटी मात्र गोव्याची, १६३७ सालची. गोव्याच्या सोनारांनी ती केली. तिच्यावर ३२ चौकटी आहेत आणि प्रत्येकीत एक प्रसंग. चांदीचा पातळ पत्रा मागून ठोकून चित्र पुढे आणायचं, मग पुढून बारीक छिन्नीने नाक-डोळे काढायचे. हीच कला आमच्या फोंड्याच्या देवळांत गाभाऱ्याच्या चांदीच्या दारांवर आणि पालखीवर आहे. एकदा देवळातली चांदी पाहून दुसऱ्या दिवशी इथे या. फुला-पानांच्या वळणांत ओळखीचा हात दिसतो.

फ्लॉरेन्सच्या दगडावर गोव्याची चांदी विसावलेली आहे. मार्गदर्शक संगमरवराचं फार कौतुक करतात. पेटीचंही तेवढंच करायला हवं.

संभाजी महाराजांचा या चर्चशी काय संबंध? कुठेतरी वाचलं होतं.

संबंध आहे. १६८३च्या नोव्हेंबरात महाराजांच्या फौजेने गोवा शहराच्या अगदी जवळचं जुवें बेट, पोर्तुगीज ज्याला सांतो एस्तेव्हांव म्हणतात, ते रात्रीत घेतलं. व्हाइसरॉय कोंदे द आल्व्होर तिथे लढायला गेला आणि हरून, जीव वाचवून परत आला. शहर आता जातं असं वाटून तो याच चर्चमध्ये आला, शवपेटी उघडवली आणि आपला राजदंड संताच्या हवाली करून ‘आता तुम्हीच राखा’ अशी विनवणी केली. पुढे मोगलांची फौज खाली उतरल्यामुळे महाराजांना माघारी वळावं लागलं आणि शहर वाचलं. पोर्तुगीजांनी त्याचं श्रेय संताला दिलं आणि त्यानंतर नवा व्हाइसरॉय अधिकारसूत्रं घेताना राजदंड संताकडून घेऊ लागला.

तेव्हा आजचा संगमरवरी चौथरा नव्हता, पण चांदीची पेटी हीच होती. तिच्यासमोर उभं राहून हा प्रसंग मुलांना सांगा. मराठ्यांचा धाक किती होता हे त्यांना पुस्तकापेक्षा इथे जास्त समजतं.

देवळं पाडणाऱ्यांचं चर्च आपण का पाहायचं?

हा प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो. तो मोठ्याने विचारायला हरकत नाही.

जे घडलं ते घडलं. जुनं गोवं ज्या तालुक्यात आहे त्या तिसवाडीतली देवळं १५४०च्या सुमारास पाडली गेली. दक्षिणेकडच्या साष्टीतली त्यानंतर. मंगेश कुठ्ठाळीहून आणि शांतादुर्गा केळशीहून नदीपलीकडे हलली ती १५६०च्या आसपास, पुजाऱ्यांनी आणि महाजनांनी जीव मुठीत धरून नेली म्हणून. आमचं घर फोंड्याच्या बाजूला आहे तेही त्याच पळापळीमुळे. इन्क्विझिशन, म्हणजे धर्म मोडणाऱ्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, १५६०मध्ये आलं आणि मधली काही वर्षं सोडली तर १८१२पर्यंत चाललं. ते गोव्यात यावं असं पोर्तुगालच्या राजाला झेवियर यांनीच १५४६मध्ये लिहिलं होतं. हे सांगितल्याशिवाय मी कुणाला या चर्चमध्ये नेत नाही.

पण आणखी एक गोष्ट तितकीच खरी आहे. या वेद्या, पेट्या, मूर्ती बहुतांशी इथल्याच सुतार-सोनारांनी घडवल्या, आणि त्यांतले अनेक हिंदू होते. हिंदू कारागिरांकडून ख्रिस्ती मूर्ती करून घेऊ नयेत असे हुकूम सोळाव्या शतकात निघाले, आणि निघतच राहिले. काम त्यांच्याकडूनच होत होतं म्हणूनच पुन्हा पुन्हा मनाई करावी लागत होती. ज्याच्या देवाला गाव सोडावं लागलं, त्याच्याच हाताने ही वेदी कोरली असेल. त्या माणसाचं नाव कुठेही कोरलेलं नाही. मी जाते ती त्याचं काम पाहायला.

आम्ही ख्रिस्ती नाही. आत चालतं का? मिस्सा चालू असली तर?

चालतं. कुणी अडवत नाही, जातधर्म विचारत नाही. मिस्सा चालू असेल तर मागच्या बाकावर बसा, लोक उभे राहिले की उभे राहा. गुडघे टेकायलाच हवेत असं नाही. मिस्साच्या शेवटाकडे लोक रांगेने पुढे जाऊन पाद्रींकडून पांढरी चकती घेतात. ती प्रसाद समजून घ्यायला जाऊ नका. कॅथलिकांसाठी ते प्रत्यक्ष ख्रिस्ताचं शरीर आहे आणि दीक्षा घेतलेल्यांनाच देतात. आमच्या एका आत्याबाई हात पुढे करून उभ्या राहिल्या होत्या. पाद्रींनी हळूच हात उचलून आशीर्वाद दिला आणि निभावलं, पण आधी ठाऊक असलेलं बरं.

कपडे, चपला, फोटो?

खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. समुद्रावरून थेट येणाऱ्यांनी हे पाहावं. चपला काढायच्या नाहीत, टोपी मात्र काढायची. फोटोसाठी फ्लॅश नको. वेदीपुढे पोज देऊन उभं राहायला तर मनाईच आहे, आणि ती योग्य आहे. शेजारी कुणीतरी आईच्या आजारपणासाठी प्रार्थना करत असतं.

बाहेर मेणाचे हात-पाय विकतात ते कशासाठी?

नवसासाठी. पाय दुखत असेल तर मेणाचा पाय, मूल हवं असेल तर मेणाचं बाळ. आपल्याकडे देवीला चांदीचे डोळे वाहतात, तसंच. सोबत मेणबत्त्या आणि झेंडूच्या माळाही मिळतात. मेणबत्ती बाहेर ठरलेल्या जागीच लावा, आत लावू नका.

संग्रहालय चर्चमध्येच आहे का?

नाही, आणि इथेच बहुतेकांची गफलत होते. बॅसिलिकेला लागून जेझुइटांचं जुनं निवासस्थान आहे आणि वरच्या मजल्यावर चित्रांचं एक दालन आहे, त्यात डॉम मार्टिन या गोव्याच्या चित्रकाराची आधुनिक चित्रं आहेत. रस्त्यापलीकडे सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चच्या मठात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे, ते वेगळं. शुक्रवारी ते बंद असतं.

मी ज्याबद्दल सांगते आहे ते ख्रिस्ती कला संग्रहालय. चर्चमागच्या टेकडीवर, सांता मोनिका मठात. चालत दहा मिनिटं, थोडा चढ. बरेच जण खाली चर्च बघून, चहा पिऊन गाडीत बसतात आणि हे राहून जातं. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण चर्चमध्ये जे उंचावर आणि लांबून दिसतं ते इथे हातभर अंतरावर आहे.

इमारतही साधी नाही. ननांसाठी १६०६मध्ये सुरू झालेला आणि १६२७ला पुरा झालेला हा मठ, पूर्वेकडच्या देशांतला ननांचा पहिला. १६३६मध्ये आगीत जळाला, लगेच पुन्हा बांधला. संग्रहालय १९९४मध्ये आधी साष्टीतल्या रायतूरच्या सेमिनारीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या विद्यालयात सुरू झालं, लिस्बनच्या गुल्बेंकियन प्रतिष्ठानाच्या मदतीने, आणि नंतर इथे आणलं. नूतनीकरण होऊन २०२२मध्ये ते पुन्हा उघडलं. आशियातलं या प्रकारचं पहिलं संग्रहालय म्हणून ते ओळखलं जातं.

तिथे नेमकं काय पाहू? सगळं पाहून डोकं भंजाळतं.

सगळं पाहूच नका. तीन गोष्टींपाशी थांबा.

एक, पेलिकन. सोन्याचा मुलामा दिलेला चांदीचा मोठा गोल, आणि त्यावर पंख पसरलेला पक्षी. पिलांना खायला काही नसलं की पेलिकन पक्षीण स्वतःची छाती चोचीने फोडून आपलं रक्त त्यांना पाजते अशी युरोपात जुनी समजूत होती. म्हणून ती ख्रिस्ताच्या बलिदानाची खूण. त्या पिलांच्या उघड्या चोची पाहा.

दोन, हस्तिदंती मूर्ती. हस्तिदंत आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून, मोझांबिककडून यायचा आणि गोव्यात कोरला जायचा. मेरीची मूर्ती बाजूने पाहिलीत तर ती किंचित वाकलेली दिसते. तो हत्तीच्या सुळ्याचाच बाक आहे. कारागिराने तो लपवला नाही, मेरीच्या कमरेची लय त्यातून काढली. क्रुसावरच्या ख्रिस्ताच्या खांद्यापाशी बारीक सांधा शोधा. सुळा पसरलेल्या हातांइतका रुंद नसतो, त्यामुळे हात वेगळे कोरून बसवावे लागत. जुन्या मूर्तींचे हात हरवलेले असतात ते म्हणून. 

आणि बाल मेंढपाळ. गोव्यात घडलेला हा प्रकार मला सगळ्यांत आवडतो. डोंगराच्या टोकावर छोटा येशू बसला आहे, पाय मुडपलेले, गाल हातावर टेकलेला, डोळे मिटलेले, मांडीवर आणि खांद्यावर मेंढरं. खाली झरा, त्यावर पाणी पिणारे प्राणी, तळाशी गुहेत आडवी झालेली मेरी मॅग्डालीन. युरोपात असा येशू नसतो. ध्यानस्थ बुद्धाची छाया त्यावर आहे असं अभ्यासक म्हणतात. मला तर तो गुरं राखता राखता दुपारी डुलकी लागलेला आमच्याकडचा पोरगा वाटतो. वीतभर मूर्ती, पण तिच्याभोवती दहा मिनिटं फिरावं लागतं.

तीन, फिरत्या धर्मोपदेशकाचं प्रवासी सामान. गावोगाव मिस्सा करायची तर चर्च कुठून आणायचं? म्हणून सगळं पेटीत मावेल असं केलेलं.

शिवाय लाकडी कामात नागिणी शोधा. वर बाई, खाली शेपूट अशा या आकृत्या गोव्यातल्या कितीतरी चर्चमध्ये प्रवचनाचा मंच तोलून धरतात. बायबलमध्ये त्या नाहीत. त्या इथल्या मातीतून आल्या.

मराठीशी या सगळ्याचा काही संबंध?

मोठा आहे. संग्रहालय जिथे सुरू झालं त्या रायतूरलाच १६१६मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण छापलं गेलं. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या या जेझुइटाने जवळजवळ अकरा हजार ओव्यांत बायबलची कथा मराठीत सांगितली, कारण इथल्या लोकांना पुराण ऐकायची सवय होती. बाल मेंढपाळ घडवणाऱ्याने हस्तिदंतात जे केलं, तेच स्टीफन्सनी ओवीत केलं. माझ्या मते दोन्ही एकत्र समजतात.

केव्हा यावं?

३ डिसेंबरला फेस्त, त्याआधी २४ नोव्हेंबरपासून नोवेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना. भक्ती पाहायची असेल तर तेव्हाच या, पण शिल्पं पाहायला नको. माझ्या सत्तरीतल्या आईला घेऊन एकदा फेस्ताच्या दिवशी गेले होते. दीड तास उन्हात रांग, आत पोचल्यावर पुढे सरकण्याची घाई, वेदीकडे मान वर करून पाहायलाही उसंत नाही. रविवारी सकाळी मिस्सा असते, तेव्हा पर्यटकांनी दुपारकडे यावं. मधल्या वारी सकाळी दार उघडताच आलात तर उत्तम, सहलीच्या बसगाड्या दहानंतर येतात.

पावसाळा मला स्वतःला आवडतो. जांभा भिजून गडद होतो, गर्दी नसते. टेकडीची वाट निसरडी असते तेवढं सांभाळा.

पोचायचं कसं? वेळ आणि तिकीट?

पणजीहून नऊ-दहा किलोमीटर, कदंब स्थानकावरून सतत बस आहेत. रेल्वेने येत असाल तर करमळी स्टेशन सगळ्यांत जवळचं. कोकणकन्या आणि मांडवी दोन्ही तिथे थांबतात. चर्चला तिकीट नाही. संग्रहालयाला आहे. वेळा सणावारी बदलतात, त्यामुळे निघायच्या आधी फोन करून घ्या. 

वयस्कर माणसांना जमेल का?

चर्च नक्की जमेल, बसायला बाक आहेत. टेकडीवर चालत न नेता गाडीने न्या, मठाच्या दारापर्यंत रस्ता आहे.

लहान मुलं कंटाळतील का?

नुसतं फिरवलंत तर कंटाळतील. काम द्या. दर्शनी भिंतीवरची अक्षरं शोध, मंचाखालच्या सात आकृत्या मोज, संग्रहालयात मेंढरं किती ते सांग. माझ्या भाचीने बाल मेंढपाळाच्या अंगाखांद्यावरची मेंढरं तीनदा मोजली आणि तिन्ही वेळा आकडा वेगळा आला, म्हणून आम्ही परत एकदा गेलो.

किती वेळ ठेवावा? आणखी काय पाहून होईल?

चर्चला एक तास, संग्रहालयाला दीड. अर्धा दिवस हाताशी असेल तर से कॅथेड्रल पाहा. त्याचा एक मनोरा १७७६मध्ये पडला, उरलेल्यात ‘सोन्याची घंटा’ आहे. संग्रहालयासमोरच सेंट ऑगस्टीन चर्चचा पडका बुरूज आहे, ४६ मीटर उंच. छप्पर १८४२मध्ये कोसळलं. याच पडक्या वास्तूत जॉर्जियाच्या राणी केतेवान यांच्या अस्थी सापडल्या. १६२४मध्ये इराणात शिराझला त्यांना मारलं होतं आणि पाद्रींनी त्यांच्या अस्थी गोव्याला आणल्या होत्या. २०२१मध्ये भारताने त्यातला भाग जॉर्जियाला भेट दिला.

बुरुजाकडे संध्याकाळी पाचच्या सुमारास जा. जांभ्यावर तिरपं ऊन पडलेलं असतं आणि पायाखालच्या फरशीत थडग्यांवरची अक्षरं तेव्हाच नीट वाचता येतात.